चारीच्या शेवटाला पाणी पोचतच नाही, पाणी वापर संस्था काढावी का? अनुभव सांगा

टेलकरी
नमस्कार मंडळी. वाचतोय बरेच दिवसापासून, लिहितोय पहिल्यांदा, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव कालव्याच्या एका चारीच्या, म्हणजे कालव्यातून फुटलेल्या छोट्या पाटाच्या, अगदी शेवटाला आहे. कागदावर आम्ही लाभक्षेत्रात, म्हणजे कालवा आहे चारी आहे शेतात पाणी घ्यायची मोरी आहे, फक्त पाणी नाही. गेल्या सहा वर्षात रब्बीची दोन आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या, धड मिळाली असं एकच वर्ष आठवतं. मागच्या जानेवारीत शेजपाळीनं, म्हणजे शेताशेताच्या ठरलेल्या पाळीनं, माझा नंबर रात्री २ चा होता. दीड वाजता जाऊन बसलो, तीन वाजले तरी मोरीत चपलेचा तळ भिजेना. मग मी आणि चुलतभाऊ बॅटऱ्या घेऊन चारीच्या कडेकडेनं वर चालत निघालो, गेटपर्यंत पावणेतीन किलोमीटर. वाटेत ७ ठिकाणी सिमेंटच्या गोण्यात माती भरून चारीत आडव्या टाकलेल्या, दोन ठिकाणी चारीतच मोटरीचा फूटवॉल सोडून उपसा चालू, आणि एका ठिकाणी तर लायनिंग फोडून ६ इंची पाईप बसवलेला आणि वरून कडब्याच्या पेंढ्या झाकलेल्या. गेटवर पाणी मांडीइतकं. तिथं उभं राहून त्या पाण्याचा आवाज ऐकत होतो आणि घशाशी आलं एकदम, कारण गहू ओंबी भरायच्या टायमाला होता आणि पुढचं आवर्तन तीन आठवड्यांनी.

आता अडचण अशी की त्या दोन मोटरींपैकी एक माझ्या आत्याच्या घरची आहे. तक्रार कुणाची करू. आणि दरवर्षी हेच बघून आमच्या गावातल्या लोकांनी पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म भरायचंच सोडून दिलंय, मिळणारच नाही तर पाणीपट्टी कशाला भरा म्हणतात.

कुणीतरी सांगितलं की पाणी वापर संस्था काढा, म्हणजे चारीवरच्या शेतकऱ्यांनी मिळून पाणी घ्यायचं आणि आपसात वाटायचं. तर खरंच फरक पडतो का? ज्यांच्याकडं आहे त्यांनी खरं काय ते सांगा, भाषण नको.

निवृत्त_कालवाकाका
टेलकरी, मी ३१ वर्ष कालव्यावर नोकरी केली, तुमची ती रात्र मी वरच्या बाजूनं शेकडो वेळा बघितलीय. पहिली गोष्ट, फॉर्म भरायचं सोडू नका. मागणीच नाही म्हटल्यावर कागदोपत्री तुमच्या टोकाला पाणी द्यायची गरजच राहत नाही आणि वरच्याला तेच हवं असतं. दोन चार वर्ष असं गेलं की तुमचं क्षेत्र भिजत नाही हीच सवय होऊन जाते सगळ्यांना.

दुसरी गोष्ट हिशोबाची, ही जरा डोक्यात बसवून घ्या, फार कामाची आहे. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. एका एकराला ३ इंच पाणी द्यायचं तर १०,८९० घनफूट लागतं, म्हणजे १ क्युसेकला बरोब्बर तीन तास. दिवसरात्र धरून १ क्युसेकमध्ये ८ एकर. तुमच्या चारीच्या गेटला समजा ३ क्युसेक सोडलं तर दिवसाला २४ एकर निघाले पाहिजेत, गळती पाझर धरून १७-१८ म्हणू. आता तुमच्या चारीवर रोज किती एकर निघतात ते एक आवर्तनभर वहीत लिहा. वरचे लोक ३ इंच नाही, ६-७ इंच पाणी देतात, सरीच्या वरून पाणी जाऊन बांध फुटेपर्यंत. का देतात? कारण पट्टी एकरावर आणि पिकावर आहे, पाण्यावर नाही. एकराला जी काय पट्टी आहे ती भरली की तीन तास घ्या नाहीतर आठ तास घ्या, पैसे तेवढेच. आणि पुढचं आवर्तन येईल का नाही याचा भरवसा नाही म्हणून माणूस आज मिळतंय तर घेऊन ठेवू म्हणतो. चोर म्हणून कुणी जन्माला येत नाही, ही पद्धतच माणसाला तसं वागायला लावते.

आणि आमच्या पाटबंधारे खात्याचंही सांगतो. मी लागलो तेव्हा एका पाटकऱ्याकडं, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाकडं, एक-दोन चाऱ्या असायच्या. निवृत्त झालो तेव्हा एकाकडं सहा. रात्री एकटा माणूस कुठं कुठं जाणार, आणि गेला तर त्याला दम देणारे लोक कोण आहेत ते तुम्हाला माहीतच आहे.

रानवाट
काका तुम्ही पट्टीचं बोललात ते अगदी पटलं. मला एक वेगळं सांगायचंय. आमच्याकडं रात्री पाणी धरायला मी जाते. नवरा पुण्यात कंपनीत आहे, सासरे थकले. थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्री असते, तेव्हा विहिरीवर जायचं, आणि आवर्तन चालू असलं की चारीवर. गमबूट, बॅटरी, काठी. मागच्या वर्षी आमच्या शिवारात बिबट्या फिरत होता तरी जावं लागलं. गावात अशा आम्ही किमान १५ बायका आहोत.

पण संस्थेची सभा झाली की सभासद कोण, तर सातबाऱ्यावर नाव ज्याचं तो. सासऱ्यांचं नाव आहे म्हणून सासरे जातात, त्यांना ऐकू कमी येतं, काय ठरलं विचारलं तर म्हणतात काहीतरी ठरलं. कुठल्या मोरीचं दार गळतंय, कुठं उंदरांनी बीळ पाडलंय, कोणाचा नंबर कुणी खाल्ला हे सगळं मला माहिती आणि सभेत मी नाही. एकदा गेले तर एकजण म्हणाला वहिनी तुम्ही कशाला त्रास घेतला. मला फार लागलं ते. रात्री २ ला चारीत उभं राहताना कुणी म्हणत नाही की वहिनी त्रास कशाला.

तेव्हा टेलकरी दादा, संस्था काढलीत तर आधी घरातल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर लावायचं बघा, थोडी का होईना जमीन. मग ती हक्कानं बसेल.

दिंडोरीकर
आमच्या भागाचं उदाहरण देतो कारण ते टेलवाल्यांनीच, म्हणजे शेवटच्या टोकाच्या लोकांनीच, उभं केलंय. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेवटाला ओझरकडच्या बाजूला हीच परिस्थिती होती, कालवा आला पण पाणी येईना. तिथं समाज परिवर्तन केंद्रानं, म्हणजे बापू उपाध्ये आणि भरत कावळे आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी, १९९०-९१ च्या सुमाराला पहिल्या तीन पाणी वापर संस्था काढल्या. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. लक्षात घ्या, सुरुवात टेलपासून, हेडवाल्यांना, म्हणजे वरच्या टोकाच्यांना, तेव्हा गरजच नव्हती. नंतर वरच्या गावांनी बघितलं की खालच्यांना मोजून पाणी मिळतंय, त्यांचे वाद कमी झालेत, आणि हळूहळू संपूर्ण प्रकल्पावर २४ संस्था झाल्या आणि पुढं सगळ्यांनी मिळून प्रकल्पाचं पाणी वाटप स्वतःच्या हातात घेतलं.

फरक कशानं पडला ते सांगतो. एक, पाणी घनमीटरवर मोजून घेतलं. खात्याचं बिल संस्थेला, आणि संस्था सभासदाला तासावर पाणी देते. काका म्हणाले ना तीन तास घ्या का आठ तास पैसे तेवढेच, ते संपलं. जो आठ तास घेतो तो आठ तासाचे भरतो, मग माणूस आपोआप बांधावर उभा राहून पाणी बघतो. दोन, संस्थेला ठरलेला कोटा मिळाला की त्यात कुठलं पीक घ्यायचं ते शेतकरी ठरवतो, खातं नाही. त्यामुळं लोक द्राक्ष, भाजीपाल्याकडं गेले, ठिबक आलं. तीन, ओढ्यांवर बंधारे घालून पाणी मुरवलं, विहिरींना पाणी आलं आणि कालव्याचं आणि विहिरीचं पाणी एकत्र धरून नियोजन केलं. कालव्यावर एकट्यावर राहिले असते तर जमलं नसतं हे माझं स्पष्ट मत.

यात वर्षं गेली हो. एका हंगामाचं काम नाही ते. आणि गावोगाव चालत फिरणारी माणसं होती म्हणून झालं.

आडसाली
मी ऊसवाला. या धाग्यावर आता ऊसवाल्यांना शिव्या पडणार आहेत, त्याआधी माझं ऐका.

माझी जमीन चारीच्या वरच्या अंगाला आहे, साडेचार एकर, त्यात अडीच एकर ऊस. माहितीये मला की ऊस पाणी पितो. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानंच लिहिलंय की राज्यात ४ टक्क्याहून कमी क्षेत्रावर ऊस आणि सिंचनाचं ७० टक्क्याच्या आसपास पाणी त्याला. आकडा वाचून मलाही वाईट वाटतं. पण मला सांगा, उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, आहे, कारखाना उशिरा का होईना पैसे देतो, सोसायटीचं पीककर्ज उसावर सहज मिळतं, गारपिटीनं ऊस मरत नाही, आणि लेबर कमी लागतं कारण तोड कारखान्याची टोळी करते. मी २०१९ ला दीड एकर कांदा केला होता, आणि ज्या वर्षी चांगला पिकतो त्या वर्षी भाव पडतो हे मी शिकलो. हरभऱ्याचा हमीभाव जाहीर होतो पण खरेदी केंद्र चालू होईपर्यंत निम्म्या लोकांनी व्यापाऱ्याला घालून झालेलं असतं. ज्वारीचं तर बोलूच नका.

तर मी पाण्यासाठी ऊस करत नाही, पैशाच्या खात्रीसाठी करतो. ज्या दिवशी हरभऱ्याला उसासारखी खात्री मिळेल त्या दिवशी मी पहिला ऊस मोडीन. आणि मी ठिबक केलंय, खरंच पाणी कमी लागतं. पण एक खरं ते सांगतो, वाचलेल्या पाण्यावर मी आणखी अर्धा एकर ऊस वाढवला. म्हणजे खालच्याला काही गेलं नाही. हे मला काका तुमचा हिशोब वाचताना लक्षात आलं.

टेलकरी
आडसाली दादा मनापासून आभार, इतकं सरळ कुणी बोलत नाही. तुमच्यासारखीच माणसं आमच्या चारीच्या वर आहेत, वाईट नाहीत ती.

सासवडचा_अंजीरवाला
पुरंदरमध्ये राहून विलासराव साळुंख्यांचं नाव घेतलं नाही तर चुकल्यासारखं होईल. १९७२ च्या दुष्काळात हा कारखानदार इंजिनियर माणूस नायगावला आला, देवस्थानची ४० एकर माळजमीन कसायला घेतली, पाणी अडवून मुरवून दाखवलं आणि मग पाणी पंचायत उभी केली. त्यांचे नियम आजही वाचले की अंगावर काटा येतो. पाणी जमिनीच्या मापानं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. तुमची २० एकर असली तरी पाणी अडीच एकराचंच. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. बारमाही ऊस नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. खर्चातला २० टक्के वाटा लोकांनी आधी भरायचा, म्हणजे फुकटची योजना नाही.

माझे आजोबा अशाच एका उपसा योजनेत होते. ते सांगायचे की पहिल्या बैठकीत मोठे खातेदार उठून गेले होते. लहान खातेदार बसले, आणि योजना त्यांचीच झाली. आमची अडीच एकराची अंजिराची बाग त्या पाण्यावर उभी राहिली, वडलांचं शिक्षण त्यावर झालं. पुढं अशा बऱ्याच योजना थकल्या, वीजबिलाचा बोजा, मोटरी जुन्या, वाटण्या होऊन कुटुंब फुटली की माणशी हिशोब कोण ठेवणार. पण पाणी कुणाचं, जमिनीचं की माणसाचं, हा प्रश्न त्यांनी विचारला तसा मी तरी दुसऱ्या कुणाला विचारताना बघितला नाही.

येरळेचा
सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा धरण आहे, ते पण याच विचाराचं. लोकांनी नदीतली वाळू विकून त्यातनं पैसा उभा केला आणि धरण बांधलं, आणि भूमिहीनासकट प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा हे आधीच ठरवलं. आटपाडीत समन्यायी पाणी वाटपासाठी भारत पाटणकर आणि नागनाथअण्णा नायकवडी यांनी वर्षानुवर्ष परिषदा भरवल्या, लढे दिले. तेव्हा टेलकरी, एकट्यानं कचेरीत जाऊ नका, चार गावं घेऊन जा.

पांझराकाठ
धुळ्याकडून लिहितोय. आमच्याकडे फड पद्धत आहे, निदान ३०० वर्ष जुनी म्हणतात, पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर. नदीत दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि खालच्या शेताचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक, आणि फड दरवर्षी फिरतात. म्हणजे या वर्षी ऊस ज्या फडात त्यात पुढच्या वर्षी दुसरं. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची, म्हणून पाणी कमी आलं की अमुक एक फड कोरडा ठेवायचा ठरलं तरी तोटा सगळ्यांना सारखा. हेड आणि टेल हा भेदच उरत नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागले, त्यांना पगार पिकातून लोकांनीच द्यायचा, त्यामुळं ते लोकांनाच बांधील.

आता वर धरणं झाली, विहिरी आणि मोटरी आल्या, ज्याला स्वतःचं पाणी मिळालं तो फडातून मनानं बाहेर पडला. लहानपणी मी आजीबरोबर पाट साफ करायला गेलोय, घरटी एक माणूस यायचा, न येणाऱ्याला दंड. दुपारी चटणी भाकरी पाटावरच. आता पाट साफ करायचा म्हटलं की टेंडर कधी निघतं याची वाट बघतात.

रानवाट
पांझराकाठ, तुम्ही लिहिलंत तो वाक्याचा भाग, स्वतःचं पाणी मिळालं तो मनानं बाहेर पडला, हे आमच्याकडं डोळ्यासमोर घडलंय. आमच्या वस्तीवर गेल्या १० वर्षात माझ्या मोजणीनं २६ बोअर झाले. कायद्यानं २०० फुटाच्या खाली विहीर घ्यायला बंदी आहे, २००९ च्या भूजल कायद्यात तसंच म्हटलंय, पण गाडी रात्री येते आणि ६००-७०० फूट मारून सकाळी निघून जाते. आमच्या जावेच्या घरी तीन बोअर मारले, दोन कोरडे, तिसऱ्याला दोन वर्ष पाणी राहिलं. त्या कर्जात तिची दोन तोळ्याची पाटली गेली. आणि शेततळी, पावसाचं पाणी साठवायला म्हणून काढलेली, कागद अंथरून त्यात बोअरचंच पाणी उपसून भरतात. एकाच्या तळ्यात पाणी दिसतं तेव्हा शेजारच्याच्या विहिरीतलं गेलेलं असतं.

साडेसात एचपीपर्यंत वीजबिल माफ झालं २०२४ ला, त्याचा घराला आधार झाला हे खरं आहे, मी खोटं बोलणार नाही. पण मोटर बंद करायचं आता काही कारण उरलं नाही कुणाला. सौर पंपानं दिवसा पाणी देता येतं, रात्रीचं जाणं वाचतं, ते तर मला हवंच आहे. फक्त खाली पाणी किती आहे ते गावानं मिळून मोजलं पाहिजे, नाहीतर दिवसाउजेडी उपसू आणि संपवू.

बीडकर_पुण्यात
सगळ्यांचं वाचलं. टेल म्हणजे फक्त चारीचा नसतो हे मला सांगायचंय. सगळं गोदावरी खोरं धरलं तर मराठवाडा टेलच आहे. पाऊस कमी झाला की नगर नाशिकची धरणं भरतात आणि जायकवाडी अर्धं. त्यासाठी २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा, मेंढेगिरी समिती, जायकवाडीत ६५ टक्क्याच्या खाली साठा असेल तर वरून पाणी सोडायचं हे सूत्र, आणि तरी दर दुष्काळात कोर्टकचेऱ्या. टेलकरींच्या चारीतल्या गोण्या आणि हे, मला एकच दिसतं.

माझे आईवडील १४ हंगाम ऊसतोडीला गेले. गावात पाणी नाही म्हणून गेले, आणि गेले कुठं, तर जिथं पाणी आहे तिथं, दुसऱ्याचा पाणी पिऊन वाढलेला ऊस तोडायला. कोयता घेऊन, दिवाळीनंतर, मला आजीकडं ठेवून. आडसाली दादा तुमच्यावर राग नाही. तुमच्या ऊसतोडीच्या फडात कदाचित माझीच माणसं असतील. पण पाण्याचा हिशोब करताना ती टोळी पण हिशोबात धरा.

आडसाली
धरली. खरंच सांगतो, असा विचार केला नव्हता कधी.

निवृत्त_कालवाकाका
आता टेलकरींच्या मूळ प्रश्नावर येतो, नाहीतर ते राहून जाईल. २००५ चा सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन हा कायदा आहे. त्यात संचालक मंडळात हेड, मधला आणि टेल या तिघांना सारखं प्रतिनिधित्व द्यावं लागतं. हा नियम तुमच्यासाठी सोन्यासारखा आहे, निवडणुकीत टेलचे संचालक गप्प बसणारे निवडू नका. नुसती नोंदणी झालेल्या आणि कपाटात पडलेल्या संस्था मी ढिगानं बघितल्यात. संस्था चालते का नाही ते तीनच गोष्टींवरून कळतं: गेटजवळ पाणी मोजायची जागा धड आहे का, तिथं रोज कोण वाचतं, आणि ते आकडे गावात फळ्यावर लागतात का. चारी दुरुस्त करून आणि मापकयंत्र बसवून मिळाल्याशिवाय हस्तांतराच्या कागदावर सही करू नका. फुटलेली चारी ताब्यात घेतली तर पहिल्याच वर्षी संस्था दुरुस्तीत बुडते आणि मग लोक म्हणतात संस्थेपेक्षा खातं बरं होतं.

आणि वाटप टेलकडून हेडकडे ठेवा. वाघाडला तेच केलं. शेवटच्या मोरीला आधी पाणी, मग वर सरकत यायचं. वरच्याला आपला नंबर येईपर्यंत चारी साफ ठेवावीच लागते.

टेलकरी
काका, तुम्ही सांगितल्यावर या आवर्तनात वही केली. ११ दिवस चारी चालली. गेटला जुनी मापपट्टी आहे, अर्धी गंजलेली, ती रोज सकाळ संध्याकाळ दोनदा वाचली आणि मोबाईलवर फोटो काढला. खात्याच्या माणसानं त्या उंचीला सुमारे ३ क्युसेक सांगितलं. तुमच्या हिशोबानं गळती जाऊन १८ धरले तर ११ दिवसात १९८ एकर निघायला हवे होते. निघाले ८७. माझे सव्वादोन एकर त्यात पहिल्यांदाच धरलेत, कारण मी आणि चुलतभाऊ रात्रभर चारीवर होतो.

वही घेऊन सरळ आत्याच्या घरी गेलो. भांडायला नाही, आकडे दाखवायला. आतेभाऊ पहिल्यांदा चिडला, मग बघत बसला बराच वेळ. म्हणाला मी मोटर टाकतो कारण माझ्याही वर चार जण टाकतात, ते थांबले तर मी थांबतो. त्या चौघांपैकी दोघांकडं तो स्वतः येतोय माझ्याबरोबर. रविवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर तीन गावची बैठक ठेवलीय. रानवाट ताई, आईला आणि बायकोला दोघींना बोलावलंय, आणि सातबाऱ्याचं तलाठ्याकडं विचारून ठेवलंय.

एक शंका आहे. मापपट्टीचे खालचे आकडे खाऊन गेलेत, पाणी तिथपर्यंत उतरलं की वाचता येत नाही. मी खडूनं खुणा केल्यात, चालेल का?

निवृत्त_कालवाकाका
खडू पहिल्याच दिवशी जाईल, ऑइल पेंट वापरा. शाबूत आकड्यापासून स्टीलच्या टेपनं सेंटीमीटर मोजत खाली या, आणि शून्य कुठं येतो ते शाखेच्या माणसाला समोर उभं करून ठरवा, नाहीतर पुढं वाद घालतील. वाचताना काठावर उभं राहून वाचू नका, खाली बसा, डोळा पाण्याच्या लेव्हलला आला पाहिजे. पट्टीचा फोटो इथं टाका, मी बघतो.